शेवटच्या नळाचं पाणी

समितीवर माझं नाव लागलं तेव्हा मी गावात नव्हतो. विट्याला मेहुण्याच्या लग्नात पंगत वाढत होतो. इकडे ग्रामसभेत एक माणूस कमी पडत होता, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "त्याचं औषधाचं दुकान हाय, त्याला घ्या की." माझं दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र. मी विकतो ती औषधं माणसांनी पोटात घ्यायची नसतात; ज्यांनी घेतली त्यांची नावं गाव अजून हळू आवाजात घेतं. पण सभेत 'औषध' हा शब्द पडला, सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, आणि मी परत आलो तो सदस्य होऊनच.

समितीचं नाव एका दमात म्हणता येत नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून ती गावोगाव आली. आमच्या समितीत सरपंच, आशाताई, अंगणवाडीच्या बाई, उपकेंद्राच्या सिस्टर, बचत गटाच्या दोघी आणि माझ्यासारखे भरतीचे. वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी. अबंधित म्हणजे लागेल तसा खर्च करायचा, अशी माझी समजूत. ग्रामसेवकांनी ती पहिल्याच बैठकीत दूर केली. अबंधित असला तरी रुपया-रुपयाला पावती लागते, आणि पावती नसलेला चहा आपापल्या खिशातून प्यायचा असतो.

वरती जिल्हा परिषदेची आरोग्य समिती, तालुक्याला आरोग्य अधिकारी, तीसेक हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांना उपकेंद्र, हजारेक माणसांमागे एक आशा. कागदावर ही उतरंड छान दिसते. पण उतरंडीचा सगळा भार तळच्या मडक्यावर असतो, आणि तळाला आशाताई.

मला वाटलं होतं, बैठकीत कुपोषण, लसीकरण, गरोदर बायांचं रक्त अशा मोठ्या गोष्टी निघतील. निघायच्याही. पण माझ्या वाट्याला आलं पाणी, आणि पुढची सहा वर्षं मी त्यातच होतो.

पहिल्याच महिन्यात आरोग्य सेवकांनी मला बरोबर फिरवलं. गाव त्यांना अजून 'मलेरियावाले' म्हणतं. त्यांच्या पिशवीत एक लहानशी पेटी, पेटीत काचेची नळी आणि ओटीच्या, म्हणजे ऑर्थोटोलिडीनच्या, औषधाची बाटली. नळाचं पाणी नळीत धरायचं, त्यात थेंब सोडायचे, हलवायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळं होतं. टाकीशेजारच्या नळाला धरलं तर हळदीचं पाणी वाटावं इतकं पिवळं झालं. चावडीजवळ फिकं. मारुतीच्या देवळापाशी असेल-नसेलसं. आणि शेवटच्या आळीत, आक्कांच्या दारातल्या नळाला, काहीच नाही. जसं पांढरं धरलं तसं पांढरं.

आक्का उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. आम्ही नळी उजेडाला धरून बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "बघा, बघा. आमच्या आळीचं पाणी गोड हाय. पाव्हणंसुद्धा मागून पित्यात. टाकीजवळच्यांच्या पाण्याला नुस्ता औषधाचा वास."

मलेरियावाले हसले नाहीत. वहीत 'निरंक' लिहिलं आणि वही मिटली.

टाकीवर चढल्यावर कारण कळलं. पाणी शुद्ध करायची ती टीसीएल पावडर, तिचा हिशोब सोपा आहे. हजार लिटरला ५ ग्रॅम. आमची टाकी पन्नास हजारांची, म्हणजे पाव किलो. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, ढवळायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. मग अर्धा तास नळाला पाणी सोडायचं नाही. औषधाला जंतू मारायला तेवढा वेळ लागतो. आमचा पाणी सोडणारा पोरगा काय करायचा, तर झाकण उघडून एक ओंजळ कोरडीच आत उधळायचा आणि खाली येऊन लगेच व्हॉल्व्ह फिरवायचा. विचारलं तर म्हणाला, "दादा, जास्त टाकलं की वरच्या आळीचे फोन येत्यात. भाताला वास येतोय, चहा बिघडतोय. म्हणून हात आखडता घेतो."

आणि त्याचं काय चुकलं? टाकीजवळची घरं म्हणजे गावातली बोलणारी माणसं. सोसायटीचे चेअरमन, दूध डेअरीवाले, दोन माजी सरपंच. शेवटच्या आळीतली माणसं सकाळी सातला भांगलायला बाहेर पडतात, परत येईपर्यंत पंचायतीला कुलूप लागलेलं असतं. औषध कमी झालं की वरच्यांच्या चहाला बरं आणि खालच्यांचं पाणी गोड. तक्रार कुणाचीच नाही.

मी म्हटलं, मोजमाप म्हणजे आपलंच काम. पोतं दुकानात आणलं, काट्यावर पाव-पाव किलोच्या पुड्या बांधल्या. महिन्याभराच्या पुड्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून टाकीखालच्या खोलीत, मोटारीच्या स्टार्टरशेजारी फळीवर ओळीनं लावल्या. इतकं नीटनेटकं काम पंचायतीत आजवर झालं नव्हतं असं मलाच वाटलं. मोबाइलवर फोटोही काढला. महिन्याच्या शेवटी पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि शेरा आला, 'पिण्यास अयोग्य'.

टीसीएल ही मुळात उडून जाणारी चीज. क्लोरीन हवेला लागला की निघून जातो. ऊन, ओल, उघडं तोंड यातलं काहीही तिला चालत नाही. चांगल्या पावडरीत तेहतीसेक टक्के क्लोरीन असतो. वीस टक्क्यांच्या खाली आला की ती वापरू नये असा नियम. माझ्या पुड्या त्या दमट, गरम खोलीत महिनाभर श्वास सोडत पडल्या होत्या. शेवटच्या आठवड्यात पोरानं टाकीत घातला तो निव्वळ चुना. इकडे माझ्या काट्याच्या स्टीलच्या ताटलीवर गंजाचे ठिपके उठले होते, कात्री तर उघडेनाशी झाली होती. गंधकाची पिशवी देताना मी रोज शेतकऱ्याला सांगतो, "तोंड घट्ट बांधून ठेव बरं का." ते सांगणारा मीच. फोटो अजून मोबाइलमध्ये आहे.

पुढं आम्ही झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला, अबंधित निधीतून, पावतीसह. हा भाग सुटला. सुटेना ती पाण्याची खालची गोष्ट, म्हणजे जमिनीखालची.

त्या वर्षी आषाढात शेवटच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी दोन माणसं, तिसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात बाकं जोडून सलाईन लावायची वेळ. आरोग्य केंद्राचं पथक आलं, ओआरएसची पाकिटं घरोघर गेली, सुदैवानं कुणी दगावलं नाही. मोठे डॉक्टर पाइपलाइन बघायला निघाले आणि चालत चालत थांबले ते आमच्या आबांच्या दारात.

आबा माझे सख्खे चुलते. त्यांच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं रस्त्याकडेच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात जायचं. खड्डा काळ्या पाण्यानं तुडुंब, त्यात बुडालेला व्हॉल्व्ह, आणि त्याचा सांधा गळका. आता नुसती गळती असली तरी एरवी भागतं, कारण पाणी सुटलेलं असताना दाब आतून बाहेर असतो. पण आमच्या गावाला पाणी आड दिवस. पाणी बंद होत आलं की पाइप रिकामा होतो, आणि नेमक्या त्या वेळी घरोघर नळाला जोडलेल्या अर्ध्या एचपीच्या मोटारी घरघरत असतात. त्या पाइप चोखतात. वरून पाणी मिळालं नाही की गळक्या सांध्यातून खड्ड्यातलं आत ओढतात आणि ते पुढं जातं, शेवटच्या नळापर्यंत. म्हणजे आक्कांच्या पाण्यात औषध पोचत नव्हतं, पण आबांची मोरी पोचत होती.

हे समितीला ठाऊक नव्हतं का? होतं. तीन बैठकांच्या इतिवृत्तात एकच ओळ आहे: 'संबंधितांना समज देण्यात यावी.' संबंधित कोण हे कुठंच लिहिलेलं नाही, आणि समज कुणी द्यायची हेही नाही. आरोग्य खातं वर्षातून दोनदा पाण्याच्या जागा तपासून गावाला कार्ड देतं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे धोका. आमचं पिवळं होतं. ते कपाटात उलटं ठेवलेलं असायचं.

भीड ही भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. मला ती म्हण उसनवारीपुरतीच कळली होती. समितीवर गेल्यावर तिचा खरा व्याप कळला. कायदा आहे, निधी आहे, औषध आहे, डॉक्टरही आहेत. पण आबांच्या दारात उभं राहून 'तुमच्या मोरीमुळं माणसं आजारी पडली' हे कुणी म्हणायचं? बाहेरचा साहेब म्हणून जाईल. तो गेला की मोरी परत तिथंच. म्हणायला हवं ते गावातल्याच माणसानं, आणि गावातल्या माणसाला उद्या त्याच दारावरून शेतात जायचं असतं. मला तर दुकानाचं पहिलं भांडवल आबांनीच दिलेलं.

निघालो तेव्हा बायको म्हणाली, "आबांच्याकडं जाताय ते बरं, पण आपली मोटार कुणी काढायची?"

आमची मोटार मोरीशेजारी, रिकाम्या खोक्याखाली झाकलेली. झाकलेली होती, म्हणजे मला कळत होतंच. त्या संध्याकाळी पाना घेऊन ती काढली, आणि हात धुऊन आबांकडं गेलो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझी मोरी काय आजच वाहाय लागली व्हय?" काकींनी चहा आणला. आबा आत निघून गेले. दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी चर खणून मोरीचं पाणी वळवलं, थेट माझ्या बांधाकडं. मी काही म्हटलं नाही. तिथं आता अळू माजलंय.

आमच्या गावाच्या शिवेवर मरीआईचं ठाणं आहे. पटकी आली की मरीआईचा गाडा करायचे, नारळ-लिंबू, हळद-कुंकू, हिरवं लुगडं घालून वाजत-गाजत पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचे. पुढचं गाव तो आणखी पुढं ढकलायचं. लहानपणी मला ही गंमत वाटायची. आता वाटतं, आबांचा चर आणि तो गाडा यांत फरक किती? आणि आमचं सांडपाणी ओढ्यातून कृष्णेत जातं, तिथनं खालच्या गावाच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीत. वरच्या गावाचं आमच्यात येतंच आहे. नदीला शीव नसते, एवढं मरीआईच्या गाडेवाल्यांनाही कळत असणार.

आजी आणखी एक सांगायची. देवी डॉक्टर गावात आला की बाया पोरं घेऊन उसात लपायच्या. देवी काढायला येणारा माणूस म्हणून तो देवी डॉक्टर. हात धरून टोचायचा, पोरगं तापायचं, दंडावर कायमचा व्रण राहायचा. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. आजीच्या तोंडावर देवीचे वण होते आणि माझ्या वडलांच्या दंडावर टोचल्याचा. दोघं शेजारी बसले की मला ते दिसायचं. उसात लपणाऱ्या बायांना शोधत चिखलातून फिरणाऱ्या त्या माणसाचं नाव मात्र आजीला कधी आठवलं नाही.

आशाताईंचंही तसंच. डासांचा हंगाम आला की त्या घरोघर जाऊन पाण्याची भांडी तपासतात. मी एकदा दिवसभर बरोबर होतो. दार वाजवायचं, "ताई, बॅरल बघू का," म्हणायचं, झाकण उचलायचं, बॅटरी आत मारायची. अळ्या असल्या तर उजेड पडताच झटके देत तळाला जातात. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटवून. पाणी ओतलं तरी ती तशीच राहतात, कोरडी कित्येक महिने टिकतात, आणि पाणी आलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, काथ्यानं घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस. शंभर घरं बघितली आणि बारा घरांत अळ्या सापडल्या तर गावाचा घर निर्देशांक बारा.

पण ज्या घरात पाणी आड दिवस येतं, तेही मोटार नसल्यामुळं करंगळीएवढं, तिथं 'बॅरल ओता' म्हणणं किती जड जातं ते आशाताईंच्या बरोबर फिरल्याशिवाय कळत नाही. एक बाई बॅरलच्या आडवी उभी राहिली. "दोन तास नळापाशी बसून भरलंय. ओतायचं असंल तर आधी मला वता." आशाताई भांडल्या नाहीत. पदर खोचला, जुनं धोतर मागितलं, दोघींनी मिळून सगळं बॅरल हंड्यात गाळून घेतलं, आतून घासलं आणि पाणी परत भरलं. एका बॅरलला अर्धा तास. त्यांच्या नमुन्यात त्या अर्ध्या तासाला रकाना नाही. झाकणावर खडूनं तारीख घातली आणि म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी येते हं." मला म्हणाल्या, "दादा, ओतून टाकलं असतं तर पुढच्या वेळी दार उघडलं नसतं."

भिडेचं हे दुसरं टोक मला तोवर दिसलंच नव्हतं. आम्ही भिडेपायी गप्प बसत होतो, आणि आशाताई त्याच भिडेवर दारं उघडून घेत होत्या.

मग २०१९ चा पूर आला. कोयनेचे दरवाजे उघडलेले, वर पाऊस थांबेना. सांगलीकडं पुराची एकच भाषा चालते, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली किती फूट. ४५ ला धोका. म्हातारी माणसं २००५ च्या पुराच्या खुणेवर हवाला ठेवून घरातच बसली होती. पाणी त्या खुणेवर चढून गेलं. पुलाखाली सत्तावन फुटांच्या वर गेलं तेव्हा आमची टाकी पाण्यात एकटी उभी होती, आणि आम्ही वरच्या गावातल्या शाळेत.

शाळेत टँकरचं पाणी. टीसीएलचा वास इतका की नाकाला झोंबायचा. पण त्या दिवसांत कुणी चहाबद्दल बोललं नाही. चेअरमन आणि आक्का एकाच पिंपातलं पाणी पीत होते. पूर ओसरल्यावर चिखल, घरात फुगून पडलेली जनावरं, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पथकं. चिखलातून उंदरा-जनावरांच्या मुतातला लेप्टोचा ताप येतो म्हणून आठवड्याला डॉक्सीच्या, म्हणजे डॉक्सीसायक्लीनच्या, गोळ्या. त्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, आणि दिवस श्रावणाचे. सोमवारी निम्मं गाव उपाशी. सिस्टर दारोदार सांगत होत्या, "देवाला मी सांगते, तुम्ही आधी दोन घास खावा." माझ्या आईनं त्यांच्याच हातून शेंगदाण्याचा लाडू खाऊन गोळी घेतली, आणि उपवास मोडला नाही असं अजून सांगते. शेंगदाणा उपवासाला चालतो.

त्या पावसाळ्यात आमच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली नाही. कारणं बरीच असतील. पण एक मला ठाऊक आहे. गावातल्या मोटारी पुरात बुडून जळाल्या होत्या. दोन महिने पाइपाला कुणी तोंड लावलं नाही. आक्कांच्या दारात हंडा भरभर भरायला लागला, आणि मलेरियावाल्यांच्या नळीत तिथलं पाणी प्रथमच पिवळं झालं. आक्कांनी पाणी तोंडात घेतलं, गुळणी करून टाकलं. मग थांबून परत घोट घेतला. "साळंत असलंच पाणी होतं. कुणाचं पोट बिघडलं न्हाय."

दिवाळीपर्यंत मोटारी परत आल्या, एकेक करून, खोक्यांखाली. समितीनं ठराव केला. संबंधितांना समज देण्यात यावी.

माझी मुदत संपून आता दोन वर्षं झाली. समितीवर नवी माणसं आहेत, बरी आहेत. आशाताई परवा येऊन गेल्या आणि आमच्या फ्रिजच्या मागच्या ताटलीत अळ्या सापडल्या. बायकोनं माझ्याकडं बघितलं तसं मी बाहेर गेलो. पण माझा नंबर आक्कांच्या घरात भिंतीवर कोळशानं लिहिलेला आहे आणि त्यांना मुदत वगैरे कळत नाही. गेल्या गुरुवारी सकाळी सहाला फोन आला. नातवाच्या फोनवरून, जोरात.

"झोपलाय व्हय रं?"

"न्हाय, बोला आक्का."

"आरं, आज पाणी गोड लागतंय. औषध घाटलं न्हाय जणू त्यानं."

मी चपला शोधल्या आणि टाकीकडं निघालो. वाटेत आबा दात घासत उभे होते. म्हणाले, "इतक्या सकाळी कुणीकडं?" त्यांच्या मोरीपाशी खोक्याखाली मोटार घरघरत होती. मी थांबलो.